वनस्पतीप्रेमी मंडळातलं ई-मतदान: साधन शेवटी, बाकीचं आधी

कुंडीतलं_रान (धागाकर्ता)

निवडुंगांचं, ऑर्किडचं, नेच्यांचं, कीटकभक्षींचं, मंडळ कुठलंही असो, त्याची निवडणूक वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं होत आली. वार्तापत्राच्या अंकात मतपत्रिका टाचायची, सभासदानं ती भरून टपालानं परत पाठवायची. छापील अंक बंद होऊन पीडीएफ आली की त्या मतपत्रिकेला वाहन उरत नाही. मग ऑनलाइन फॉर्मची सूचना येते. फॉर्म दोन तासांत तयारही होतो.

पण हरकती येतात त्या फॉर्मवर नाही. थकबाकीदाराला मत देता आलं, एका घरातल्या दोघांना मिळून एकच लिंक गेली, कुणी काय निवडलं ते चिटणीसांना दिसत होतं, नियमावलीत टपालाशिवाय दुसऱ्या मार्गाचा उल्लेखच नाही, अशा त्या असतात. यातली एक जरी खरी ठरली तरी निकाल कोसळतो, मग साधन कितीही चांगलं असो.

म्हणून माझं मत ठाम आहे की साधनाची निवड शेवटी करावी. आधी चार गोष्टी लेखी हव्यात: नियमावलीतली परवानगी, गोठवलेली मतदार यादी, 'कुणी मत दिलं' आणि 'काय मत दिलं' या दोन नोंदी तोडण्याची व्यवस्था, आणि मोजणीचा नियम.

तिसरी सगळ्यांत नाजूक. टपाली मतदानात दोन पाकिटं असतात. बाहेरच्यावर नाव आणि सही, आतलं कोरं. बाहेरचं यादीशी ताडून फोडायचं, आतली सगळी पाकिटं एकत्र मिसळायची आणि मगच उघडायची. गुप्तता जन्माला येते ती या मिसळण्यातून. संगणकावर आपोआप काही मिसळत नाही. प्रत्येक ओळीला क्रमांक, वेळ आणि बहुतेकदा पत्ता चिकटलेला असतो. तो मुद्दाम तोडावा लागतो.

माणसं किमान तीन: एक निवडणूक अधिकारी, दोन छाननीदार. तिघांपैकी कुणी उमेदवार नको, उमेदवाराच्या घरचंही नको. टोकन म्हणजे प्रत्येक मतदाराला दिलेला वेगळा गुप्त संकेतांक. टोकनांची यादी ज्याच्या हाती, त्याला मतांची फाइल दिसू नये. मतांची फाइल ज्याच्या हाती, त्याला कुठलं टोकन कुणाचं हे कळू नये.

'वर्षाची वनस्पती' किंवा छायाचित्र स्पर्धेला एवढं सगळं लागत नाही. कार्यकारिणीची निवड आणि नियमदुरुस्ती यांना लागतं. काय सुटलंय ते सांगा, शेवटी कलमाचा मसुदा टाकतो.

डोळाकलम

नियमावलीपासून सुरुवात केलीत ते योग्य. सभाशास्त्रातला जुना संकेत असा की गैरहजर सभासदाचं मत, मग ते टपालानं असो, ईमेलनं असो किंवा मुखत्यारीनं, नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ग्राह्य. रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर हा सभा चालवण्याच्या नियमांचा अमेरिकी ग्रंथ हेच सांगतो आणि बऱ्याच छंदमंडळांच्या नियमावल्यांत 'इतर बाबतीत रॉबर्ट्स रूल्स' असं एक वाक्य असतंच. ते असेल तर कार्यकारिणीच्या नुसत्या ठरावानं ई-मतदान सुरू करता येणार नाही. पहिली दुरुस्ती जुन्याच पद्धतीनं, म्हणजे टपालानं किंवा सभेत, मंजूर करून घ्यावी लागेल. ई-मतदानाला परवानगी देणारा ठराव ई-मतदानानंच मंजूर करणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक आहे.

'टपाली मतपत्रिका' या शब्दात ईमेल बसतो असा अर्थ काढू नका. तसा अर्थ लावता येईलही, पण हरलेल्या उमेदवारानं तो का मानावा?

दुसरा मुद्दा गणपूर्तीचा. नियमावली म्हणते 'सभेला अमुक इतके सभासद उपस्थित हवेत'. ऑनलाइन मत दिलेला माणूस उपस्थित धरायचा की नाही? लिहिलं नसेल तर उत्तर 'नाही'. मग दीडशे मतं आली आणि सभेत बाराच जण बसले, तर गणपूर्ती नाही. यावर सोपा मार्ग म्हणजे निवडणूक सभेपासून वेगळी करणं. मतदान आठवडाभर आधी संपवायचं, सभेत फक्त निकाल वाचायचा, आणि ई-मतदानासाठी 'किमान इतकी वैध मतं' अशी स्वतंत्र अट घालायची.

तिसरा मुद्दा कुणाच्या लक्षात येत नाही. ठरावावर सभेआधी ऑनलाइन मतं घेतली, तर त्या ठरावात सभेत एक शब्दही बदलता येत नाही. ज्यांनी मत दिलं त्यांनी जुन्या शब्दांवर दिलं. उदाहरणार्थ 'बियाणे-पेढीतून वर्षाला १० पाकिटं' हा ठराव सभेत '१५' झाला, तर आधीची सगळी मतं निरर्थक. म्हणून ठरावाच्या मसुद्यावर आधी तीन-चार आठवडे उघड चर्चा, मग मसुदा गोठवायचा, मग मतदान. मतपत्रिकेवर जुनं कलम आणि नवं कलम दोन्ही पूर्ण छापायची. 'कलम ७ मधील बदल मंजूर आहे का?' एवढंच लिहिलं तर सभासद न वाचता होकार देतो.

नेचा

यादीबद्दल. सगळी फजिती इथेच होते, त्यामुळे जरा सविस्तर.

मतदानाचा हक्क ठरवणारी एक तारीख नियमावलीत हवी. मतदान सुरू होण्याआधी ३० दिवस, त्या दिवशी ज्याची वर्गणी जमा आहे तो मतदार. त्यानंतर भरणारा पुढच्या वेळी. वर्गणीचं वर्ष आणि मतदानाचा काळ एकमेकांवर येऊ देऊ नका. नूतनीकरणाच्या महिन्यात निवडणूक ठेवली की निम्मी यादी वादग्रस्त होते.

वनस्पती मंडळांना ऋतूचंही भान हवं. फुलोऱ्याच्या, पुनर्लागवडीच्या किंवा क्षेत्रभेटींच्या दिवसांत लोक ईमेल उघडत नाहीत. बियाणे-यादी पाठवतो तो आठवडा चांगला, कारण ती ईमेल प्रत्येक जण उघडतो. मात्र मतदानाची लिंक त्याच ईमेलमध्ये घालू नका. बियाण्याची यादी लोक मित्रांना पुढे पाठवतात आणि तिच्याबरोबर मतही जातं.

कौटुंबिक सभासदत्व: मतं एक की दोन? दोन असतील तर दोन स्वतंत्र ईमेल पत्ते मागा. एकाच पत्त्यावर दोन टोकन पाठवली तर दोन्ही एकच जण वापरू शकतो. घरातल्या मतदानाला आडोसा नसतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात १८५६ मध्ये छापील गुप्त मतपत्रिका कायद्यात आली ती मतदाराला एकांत मिळावा म्हणूनच. एस्टोनियानं २००५ मध्ये इंटरनेट मतदान आणलं तेव्हा यावर उपाय म्हणून मत पुन्हा देण्याची सोय ठेवली, शेवटचं मत धरतात. साधनात ती सोय असेल तर घ्यावी. पण 'शेवटचं धरणार' हे आधी जाहीर हवं.

आता यादीचा तक्ता, म्हणजे एक्सेलसारखी फाइल. खालच्या चुका तपासल्याशिवाय टोकन वाटू नका.

एकच स्तंभ निवडून क्रम लावला की नावं हलतात, ईमेल जागेवर राहतात आणि टोकन भलत्याला जातं. क्रम लावताना पूर्ण तक्ता निवडा.

सभासद क्रमांक ००४७ असेल तर तक्ता त्याचा ४७ करतो. तो स्तंभ 'मजकूर' प्रकारचा ठेवा.

पत्त्याच्या शेवटी रिकामी जागा, कॉमऐवजी कॉन, जुन्या नोकरीचा बंद झालेला पत्ता. यादी गोठवण्याआधी सगळ्यांना एक साधी चाचणी ईमेल पाठवा आणि परत आलेल्या प्रत्येकाला फोन करा.

देवनागरी नावं सीएसव्हीमधून (तक्त्याची साध्या मजकुरातली फाइल) नेताना ती यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत जतन करा. एक्सेलमध्ये ती दुहेरी टिचकीनं उघडली तर अक्षरं तुटू शकतात. 'डेटा आयात' मधून उघडा, तिथे संकेतप्रणाली निवडता येते.

सभासद क्रमांकालाच टोकन करू नका. क्रमांक ओळीनं असतात, शेजारचा ओळखता येतो. टोकन यादृच्छिक हवं. ३१-३२ चिन्हांच्या संचातून १० चिन्हं घेतली की सुमारे ५० बिट होतात, म्हणजे अंदाजानं ओळखणं जवळपास अशक्य, मंडळाला पुरेसे. शून्य आणि ओ, एक आणि एल, आय ही चिन्हं संचातून काढा, कारण काही जण टोकन हातानं टंकतात.

पानफुटी

आमच्यासारख्या दोनशे सभासदांच्या मंडळाला गूगल फॉर्म पुरणार नाही का? 'एका व्यक्तीला एकच प्रतिसाद' ही खूण त्यात आहे.

मोजपट्टी

@पानफुटी, स्पर्धेसाठी पुरेल, पदाधिकारी निवडीसाठी नाही. कारणं सांगतो.

'एकच प्रतिसाद' ही खूण गूगल खात्यावर चालते. ज्याचं खातं नाही त्याला फॉर्म उघडता येत नाही, आणि ज्याची तीन खाती आहेत तो तीनदा भरतो. फॉर्मला तुमची सभासद यादी माहीतच नाही. ईमेल गोळा करायचं ठरवलं तर मतासमोर नाव येतं आणि गुप्तता तिथेच संपते.

टोकनचा रकाना घालून मार्ग काढतात. प्रत्येकाला आधीच भरलेल्या टोकनासह लिंक पाठवायची, शेवटी यादीत नसलेली आणि दुबार टोकनं गाळायची. काम होतं, पण टोकन आणि मत एकाच ओळीत बसतात. टोकनांची यादी दुसऱ्याच्या हाती असली तरी दोन फाइली शेजारी ठेवल्या की सगळं उघड. शिवाय फॉर्मचा मालक येणारी मतं वेळेसकट थेट पाहतो. एखादा सभासद गटात लिहितो 'आत्ताच मत दिलं', आणि तक्त्यातली शेवटची ओळ त्याची असते.

यापेक्षा लाइमसर्व्हे हे सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर बरं. ते मुक्त स्रोत आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. मतदारांची यादी आत भरायची, टोकन तेच तयार करतं, ईमेलही तेच पाठवतं, आणि एकदा वापरलेलं टोकन पुन्हा चालत नाही. या सेटिंगकडे लक्ष द्या:

'अनामिक प्रतिसाद' चालू. हे सर्वेक्षण सक्रिय करण्याआधीच करावं लागतं, नंतर बदलता येत नाही.

दिनांक-शिक्का बंद. मग प्रत्येक प्रतिसादावर १९८० सालची १ जानेवारी ही तारीख दिसते. तो बिघाड नाही, खरी वेळ लपवण्यासाठी घातलेली खोटी तारीख आहे. छाननीदारांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर मोजणीच्या दिवशी गोंधळ उडतो.

आयपी पत्ता (मतदाराच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) नोंदवणं बंद, वेळमापन बंद, जाहीर आकडेवारी बंद.

उमेदवारांचा क्रम यादृच्छिक. पहिल्या नावाला मिळणारा फायदा तेवढ्यानं विभागला जातो.

एवढं करूनही एक फट राहते. प्रतिसादांना ओळीनं क्रमांक पडतात. कुणी दर तासाला 'कुणी मत दिलं' ही यादी आणि नवे प्रतिसाद दोन्ही पाहत बसला तर जोडी लावू शकतो. म्हणून मतदान चालू असताना मतांची फाइल कुणीही उघडायची नाही हा लेखी नियम हवा, आणि सर्व्हरचा परवलीचा शब्द अशा माणसाकडे हवा जो उमेदवार नाही.

आणखी एक तांत्रिक खोड. काही ईमेल सेवा आणि विषाणूरोधक प्रणाली येणाऱ्या ईमेलमधल्या लिंक आपणहून उघडून तपासतात. तुमचं साधन नुसती लिंक उघडल्यावर टोकन 'वापरलं' म्हणत असेल, तर सभासदानं पाहण्याआधीच त्याचं मत खर्ची पडतं. टोकन खर्च व्हायला 'मत नोंदवा' या बटणावरची टिचकीच हवी. तयार सेवा घेताना हा प्रश्न पहिला विचारा.

हिरवा_कोंभ

मोजपट्टींच्या पद्धतीत शेवटी सर्व्हर सांभाळणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो. तो विश्वास नको असेल तर पडताळता येणारं मतदान आहे. हेलिओस ही बेन अदिदा यांची २००८ मधली प्रणाली, आणि बेलेनिओस ही फ्रान्समधल्या नान्सीच्या संशोधकांची.

दोन्हींत मत मतदाराच्या ब्राउझरमध्येच कुलूपबंद होतं. मतदाराला एक पडताळणी-खूण मिळते. मतपेटीतल्या कुलूपबंद मतांची यादी सर्वांना दिसते, त्यात आपली खूण शोधायची. मोजणी कुलूप न काढता, सगळी मतं गणिती रीतीनं एकत्र करून होते, आणि शेवटी फक्त बेरजेचं कुलूप उघडतं. किल्ली विश्वस्तांमध्ये वाटलेली असते, एकट्याला काही उघडता येत नाही. बेलेनिओसमध्ये टोकन वाटणारा आणि सर्व्हर चालवणारा या भूमिकाही वेगळ्या ठेवता येतात, म्हणजे धागाकर्त्यांना हवी ती विभागणी तिथे घडणीतच आहे.

अडचण किल्लीची. आंतरराष्ट्रीय कूटशास्त्र संघटना स्वतःच्या निवडणुका २०१० पासून हेलिओसवर घेते. २०२५ च्या निवडणुकीत तीन विश्वस्तांपैकी एकाची किल्ली कायमची हरवली आणि तिन्ही किल्ल्या लागतील अशी रचना असल्यामुळे निकाल उघडताच आला नाही. मतदान नव्यानं घ्यावं लागलं, आणि पुढे तीनपैकी दोन किल्ल्या पुरतील असं ठरलं. कूटशास्त्रज्ञांच्या संघटनेत हे होऊ शकतं तर नेच्यांच्या मंडळातही होईल. बेलेनिओसमध्ये 'तीनपैकी दोन' असा उंबरठा ठरवता येतो, तोच घ्या. प्रत्येक विश्वस्तानं किल्लीच्या दोन प्रती ठेवायच्या, त्यातली एक संगणकाबाहेर, आणि मतदान उघडण्याआधी खोट्या मतांवर ती चालवून पाहायची.

डोळाकलम

@हिरवा_कोंभ, माहिती उत्तम, पण निष्कर्षाशी सहमत नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं ३ मार्च २००९ रोजी २००५ च्या संसदीय निवडणुकीतला मतदान-संगणकांचा वापर घटनाबाह्य ठरवला. कारण असं की मतदानाचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत. मंडळाला तो निर्णय लागू नाही, पण कसोटी म्हणून तो उत्तम आहे. आपल्या सभासदांपैकी कितीजण कुलूपबंद बेरजेचा पुरावा समजून घेतील? त्यांना 'गणित बरोबर आहे' असं सांगावं लागत असेल तर विश्वास पुन्हा माणसावरच आला, फक्त माणूस बदलला.

हिरवा_कोंभ

आपली खूण यादीत आहे की नाही, हे पाहायला गणित लागत नाही. तेवढी तपासणी प्रत्येकाला जमते आणि मत गहाळ झालं तर तिथे पकडता येतं. गहाळ किंवा वाढीव मत ही कल्पनेतली गोष्ट नाही. बेल्जियममधल्या स्कारबेक इथे १८ मे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त दिसली. तिला तेवढी मतं मिळणं शक्यच नव्हतं म्हणून ते लक्षात आलं. आकडा दोनाचा बारावा घात आहे, संगणकाच्या स्मृतीतला एक बिट (शून्य किंवा एक ठेवणारी जागा) उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. मंडळाच्या दोनशे मतांत इतकी ठळक खूण मिळणार नाही, म्हणून ताळा घालायची सोय हवीच.

मोजपट्टी

मधला मार्ग आहे. मतं गोळा करा कुठल्याही साधनानं, पण मत नोंदवल्यावर पडद्यावर एक यादृच्छिक पावती-खूण द्या. ती टोकनाशी जोडलेली नको. मोजणीनंतर सगळ्या पावत्या आणि त्यांच्यासमोरची मतं, क्रम विस्कटून, सभासदांना पाठवा. प्रत्येकाला आपली ओळ सापडते, बेरीज कुणीही हातानं करू शकतो. डोळाकलम यांची कसोटी यात पूर्ण होते. तोटा हा की आपण काय मत दिलं ते दुसऱ्याला सिद्ध करून दाखवता येतं, म्हणजे दबावाला वाव राहतो. जिथे गटबाजी तीव्र आहे तिथे हे करू नका, तिथे बेलेनिओसच घ्या.

आणि ताळा साधासुद्धा असतो: यादीतली 'मत दिलं' अशी नोंद असलेली माणसं आणि मतांच्या फाइलीतल्या ओळी, दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. एकाचाही फरक असेल तर निकाल जाहीर करायचा नाही, आधी कारण शोधायचं.

पारंबी

ज्यांच्याकडे ईमेल नाही त्यांच्याबद्दल अजून कुणी बोललं नाही. जुन्या मंडळात असे सभासद असतातच आणि बऱ्याचदा तेच सगळ्यांत जुने जाणकार असतात. त्यांचं मत साधनापायी जाऊ नये.

कागद मागणाऱ्याला कागद द्या, पण मागणीची शेवटची तारीख ठेवा. त्या दिवशी त्याचं नाव ई-यादीतून काढायचं. एक माणूस एकाच यादीत, म्हणजे दुबार मताचा प्रश्नच उरत नाही. ई-टोकन मिळाल्यावर कागद मागणाऱ्यासाठी आधी टोकन रद्द करायचं, मगच कागद द्यायचा, आणि याची नोंद छाननीदाराच्या सहीनं.

कागदी मतपत्रिका ई-मतदान उघडण्याच्या दोन आठवडे आधी टपालात पडली पाहिजे. परत पोचण्याची वेळ मोजायची, पाठवल्याची नाही. परदेशातल्या सभासदांना त्याहून आधी.

आणि कागदी मतांचा निकाल कधीही वेगळा जाहीर करू नका. चारच कागद आले आणि चारही एकाच उमेदवाराला असले, तर चौघांची गुप्तता गेली. आतली पाकिटं उघडल्यावर छाननीदारांनी ती मतं त्याच फाइलीत भरायची, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं भरायचं, मग उलट तपासायचं, आणि जाहीर करायची ती एकत्र बेरीज. प्रदेशवार किंवा शाखावार आकडे देण्याचा मोहही याच कारणानं टाळा.

नेचा

मोजणीचा नियम. एका जागेला दोन उमेदवार असतील तर वाद नाही. पाच जागांना नऊ उमेदवार असतील तर 'पाचपर्यंत निवडा' ही पद्धत समजायला सोपी, पण संघटित गट तिच्यात पाचही जागा नेतो. पसंतीक्रमाचं एकल संक्रमणीय मत हा त्यावरचा उतारा: मतदार उमेदवारांना क्रम देतो आणि जास्तीची मतं पुढच्या पसंतीकडे वळतात. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, काढायची रीत: वैध मतांना जागा अधिक एक यानं भागायचं, अपूर्णांक सोडायचा, एक मिळवायचा. २१४ मतं, ५ जागा: २१४ भागिले ६ म्हणजे ३५, अधिक १, कोटा ३६. जास्तीची मतं पुढे कशी वळवायची याच्या एकाहून अधिक रीती आहेत आणि क्वचित निकाल बदलतो, म्हणून रीतीचं नाव नियमात लिहा. वापरणार असाल तेच सॉफ्टवेअर आधी ठरवा. हेलिओसमध्ये पसंतीक्रम चालत नाही, बेलेनिओसमध्ये चालतो.

'वर्षाची वनस्पती' निवडताना वेगळीच अडचण. एकाच प्रजातीचे चार संकर यादीत असले की त्यांची मतं आपापसांत फुटतात आणि वेगळी दिसणारी पाचवी वनस्पती थोडक्या मतांनी जिंकते. इथे 'आवडतील तेवढ्या निवडा' ही संमती पद्धत चांगली. मोजणी साधी, मतं फुटत नाहीत. ज्यांना दोन-दोनच्या तुलनेतून विजेता हवा त्यांच्यासाठी कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेली सीआयव्हीएस ही मोफत सेवा आहे. पण तिथे मतदारानं आपला ईमेल आधी स्वतः सक्रिय करावा लागतो, ते सूचनेत लिहा.

आणि नाव हातानं लिहायची मुभा देऊ नका. सान्सेव्हेरिया आता ड्रॅसिनात गेली आहे, हॉवर्थियाच्या काही जाती हॉवर्थिऑप्सिसमध्ये. एक जण जुनं नाव लिहितो, दुसरा नवं, तिसरा नुसतं बोलीभाषेतलं. एकाच झाडाची मतं तीन ओळींत पडतात आणि ती एकत्र करायची की नाही हे मोजणीच्या दिवशी ठरवावं लागतं. प्रत्येक झाडाला क्रमांक, निवड यादीतूनच.

पानफुटी

गूगल फॉर्मचा मुद्दा समजला, आभार. प्रदर्शनातल्या 'प्रेक्षकांची पसंती' बद्दल माझ्याकडून भर.

भिंतीवर एकच क्यूआर कोड लावला तर कुणीही घरबसल्या मित्रांकडून मतं मिळवतो. त्याऐवजी दारात प्रत्येकाला वेगळा कोड छापलेली चिठ्ठी द्यायची, एक चिठ्ठी एक मत. कोडची बाजू निदान २ सेंमी ठेवा, भोवती कोरी पांढरी कड सोडा, आणि प्लास्टिकच्या चकचकीत पाकिटात घालू नका, दिव्याच्या परावर्तनानं वाचला जात नाही. कोडखाली तेच टोकन अक्षरांतही छापा. सभागृहात इंटरनेट मिळत नसेल तर त्याच चिठ्ठीच्या मागे झाडाचा क्रमांक लिहून पेटीत टाकायची सोय ठेवा. टोकन तेच असल्यामुळे दुबार मत मोजणीत पकडलं जातं.

झाडाजवळ फक्त क्रमांक, मालकाचं नाव नको. क्रमांकाच्या पाट्या जलरोधक, पाणी फवारलं की साध्या शाईचा ३ आणि ८ एक होतात. मतदानाच्या पानावर झाडांचे फोटो घालायचे असतील तर सगळे एकाच पार्श्वभूमीवर, एकाच उजेडात काढलेले. नाहीतर मत झाडाऐवजी फोटोला पडतं.

हिरवा_कोंभ

ईमेल पोचण्याबद्दल, कारण लिंक कचरापेटीत गेली की बाकी सगळं व्यर्थ.

मोफत जीमेल खात्यातून दिवसाला ५०० हून जास्त जणांना पाठवता येत नाही, आणि एकदम पाठवल्या तर खातं काही काळ अडवलं जाऊ शकतं. मंडळाचं स्वतःचं डोमेन असेल तर तिथून पाठवा आणि एसपीएफ व डीकेआयएम नोंदी लावा, ईमेल खरंच त्या डोमेनवरून आली हे त्यांवरून कळतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनं जीमेलवर पाठवणाऱ्या प्रत्येकाला यातली निदान एक सक्तीची केली आहे, मोठ्या संख्येनं पाठवणाऱ्यांना दोन्ही. तयार सेवेतून पाठवत असाल तर ती कोणत्या पत्त्यावरून पाठवणार ते आधी वार्तापत्रात छापा, म्हणजे सभासद फसवी ईमेल समजून पुसणार नाही.

वेळापत्रक मी असं ठेवीन. मतदान सुरू होण्याच्या साठ दिवस आधी अर्ज मागवणं. पंचेचाळीस दिवस आधी उमेदवारी बंद, प्रत्येकाचं निवेदन १५० शब्दांत, सगळ्यांना सारखी जागा. तीस दिवस आधी यादी गोठवणं, चाचणी ईमेल त्याच्याही आधी. एकवीस दिवस आधी 'तुमचं नाव यादीत आहे का' हे तपासायची संधी, कागद मागण्याची मुदतही तीच. मतदान १४ दिवस. स्मरणपत्रं दोन, सातव्या दिवशी आणि शेवटच्या दोन दिवसांत, आणि फक्त मत न दिलेल्यांना. ती साधनानं आपोआप पाठवावीत, कुणी दिलं नाही ही यादी माणसाच्या हाती देऊ नये.

'रविवारी मध्यरात्री बंद' असं लिहू नका, रविवार सुरू होतानाची की संपतानाची हे कळत नाही. 'रविवार २३:५९' आणि कुठली प्रमाणवेळ ते. सभासद अनेक देशांत असतील तर सोमवारी दुपारी बंद करणं बरं, शेवटच्या तासातल्या तक्रारी सोडवायला कुणीतरी जागं असतं.

पारंबी

रंगीत तालीम राहिली. छायाचित्र स्पर्धा आधी याच साधनावर घ्या, मग निवडणूक. आणि निवडणुकीच्या चार दिवस आधी तिन्ही अधिकाऱ्यांनी मिळून १५ खोटी मतं टाका, कुठलं मत कसं टाकायचं ते कागदावर आधी लिहून. त्यात एक पूर्ण कोरं, एक पाचऐवजी सहा निवडलेलं, एक तटस्थ, एक जुन्या फोनवरून, एक वापरलेल्या टोकनावरून दुसऱ्यांदा, एक मुदत संपल्यावर. निकाल कागदाशी जुळला पाहिजे. मग खोटी मतं पुसून, मतपेटी शून्य असल्याचं दोन्ही छाननीदारांनी पाहून सही करायची. पुसायला विसरणं ही तालमीतली नेहमीची चूक आहे आणि ती निकालानंतरच कळते.

कुंडीतलं_रान (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. वरचं घेऊन कलमाचा मसुदा:

'कार्यकारिणीची निवड व नियमदुरुस्ती यांसाठी मतदान गुप्त इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं, आणि मागणी करणाऱ्या सभासदासाठी टपालानं होईल. मतदान सुरू होण्याच्या ३० दिवस आधी ज्यांची वर्गणी जमा आहे ते सभासद मतदार. मतदान १४ दिवस चालेल. निवडणूक अधिकारी व दोन छाननीदार उमेदवार नसतील. मतदाराची ओळख व त्याचं मत यांचा संबंध कुणालाही जोडता येणार नाही अशी व्यवस्था असेल. मतदान संपेपर्यंत मतांचा आकडा कुणीही पाहणार नाही. ठरावाचा मजकूर मतदान सुरू झाल्यावर बदलणार नाही. निकाल सात दिवसांत. हरकत निकालानंतर ३० दिवसांत. त्यानंतर टोकनांची यादी नष्ट केली जाईल, मतांची फाइल पुढच्या निवडणुकीपर्यंत राहील. मतं समान झाल्यास छाननीदारांच्या उपस्थितीत चिठ्ठी टाकून निर्णय होईल.'

साधनाचं नाव मुद्दाम घातलं नाही. सेवा बंद पडतात, बदलतात. ते कार्यकारिणीनं दरवेळी ठरवून यादी गोठवण्याआधी जाहीर करावं.

डोळाकलम

मसुदा चांगला आहे. तीन दुरुस्त्या.

चिठ्ठी पदांच्या निवडीला चालेल, नियमदुरुस्तीला नाही. ठरावावर मतं समान झाली तर ठराव नामंजूर, हे वेगळं लिहा. दुरुस्तीला दोन तृतीयांश लागत असतील तर तटस्थ मतं भाजकात धरायची की नाही तेही. ९० बाजूनं, ४० विरोधात, १० तटस्थ: तटस्थ सोडली तर १३० पैकी ९०, मंजूर. धरली तर १४० पैकी ९०, नामंजूर.

'किमान वैध मतं' ही अट मसुद्यात आलेली नाही. गणपूर्तीची जागा तीच घेणार आहे, ती हवी.

आणि 'साधन बंद पडल्यास' असं एक वाक्य घाला: सलग सहा तासांहून जास्त काळ मत देता आलं नाही, तर निवडणूक अधिकारी मुदत तेवढीच वाढवून सर्व मतदारांना कळवेल. हा अधिकार कुणाकडे आहे ते लिहिलेलं नसेल, तर मुदत वाढवली तरी हरकत येते, आणि नाही वाढवली तरी येते.